सरकारी टेंडर आणि लहान कारखानदार: टेंडर कुणाचं, नियम कोणता आणि पैसे कधी?

बेळगावच्या आसपास सरकारी गिऱ्हाईक काही कमी नाही. शहरात मराठा लाईट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे, कँटोन्मेंट बोर्ड आहे, सांबऱ्याला हवाई दलाचं केंद्र आहे, विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आहे. हुबळीत नैऋत्य रेल्वेचं मुख्यालय आहे, हेस्कॉम आणि वायव्य परिवहन महामंडळही तिथंच. घाट उतरला की वास्कोत गोवा शिपयार्ड आणि मुरगाव बंदर. निपाणी ओलांडली की कोल्हापूर जिल्ह्यातली सरकारी कार्यालयं. एवढे सगळे दरवर्षी खाटा, कपाटं, सुटे भाग, गणवेश, छपाई, साफसफाई, दुरुस्ती यावर पैसा खर्च करतात.

तरीही उद्यमबाग किंवा मच्छेच्या शेडमध्ये विचारलं, तर उत्तर बहुतेक वेळा एकच मिळतं: "टेंडर आपल्यासारख्यांसाठी नसतंच." कारणंही ठरलेली. डिपॉझिट भरायला पैसे नाहीत, तीन वर्षांचा अनुभव मागतात, दरात मोठी कंपनी पाडते आणि काम मिळालंच तर बिल वर्षभर अडकतं.

या चारही अडचणींवर नियमांत काही ना काही तोडगा आहे. पण तो आपोआप मिळत नाही. योग्य वेळी, योग्य रकान्यात खूण करून आणि कागद जोडून मागावा लागतो. शिवाय तो प्रत्येक टेंडरला लागू नसतो. कोणता नियम कुठं चालतो, हे समजलं तर निम्मं काम झालं.

सगळ्यात आधी बघा: टेंडर कुणाचं?

आपल्या भागात चार प्रकारचे सरकारी खरेदीदार आहेत आणि प्रत्येकाचं नियमांचं पुस्तक वेगळं आहे.

केंद्र सरकारची खाती, लष्कर, रेल्वे आणि केंद्राच्या सार्वजनिक कंपन्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांच्या चौकटीत खरेदी करतात. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचं २०१२ चं सार्वजनिक खरेदी धोरणही त्यांना बंधनकारक आहे. कर्नाटक सरकारची खाती, महामंडळं, महापालिका, जिल्हा पंचायत यांना कर्नाटकचा १९९९ चा सार्वजनिक खरेदी पारदर्शकता कायदा लागू होतो. महाराष्ट्रात १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाची खरेदी नियमपुस्तिका चालते. गोव्याचे नियम आणखी वेगळे.

घोळ इथंच होतो. एखाद्याने ऐकलेलं असतं की लघुउद्योगाला डिपॉझिट माफ आहे. तो महापालिकेच्या टेंडरला डिपॉझिट न भरता कागद टाकतो आणि पहिल्याच फेरीत बाद होतो. ती माफी केंद्राच्या धोरणातली होती. राज्याच्या टेंडरमध्ये ती त्या टेंडरच्या अटींत लिहिलेली असेल तरच मिळते. त्यामुळे जाहिरात हातात आली की किमतीच्या आधी खरेदीदाराचं नाव वाचा.

उद्यम नोंदणी: आता मर्यादा वाढल्या आहेत

सवलतीचा पहिला कागद म्हणजे उद्यम नोंदणी. १ जुलै २०२० पासून जुन्या उद्योग आधारच्या जागी ती आली. आधार आणि पॅनवर ऑनलाईन होते आणि सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे. कुणी त्यासाठी फी मागत असेल तर ती सरकारची नाही, मधल्या माणसाची आहे.

१ एप्रिल २०२५ पासून व्याख्या बदलली आहे. यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर उद्योग सूक्ष्म. गुंतवणूक २५ कोटी आणि उलाढाल १०० कोटींपर्यंत असेल तर लघु. १२५ कोटी आणि ५०० कोटींपर्यंत मध्यम. दोन्ही अटी एकदम पाळाव्या लागतात, एक ओलांडली की वरचा गट.

फौंड्रीवाल्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गुंतवणुकीत जमीन आणि इमारत धरत नाहीत. उलाढालीत निर्यात धरत नाहीत. म्हणजे बराचसा माल परदेशी जाणारा कारखाना एकूण विक्रीने मोठा दिसला, तरी व्याख्येत लघुच राहू शकतो. आणि उद्योग वाढून वरच्या गटात गेला, तर आधीच्या गटाचे करेतर फायदे तीन वर्षं चालू राहतात.

नोंदणी करताना आपण प्रत्यक्षात जे बनवतो त्याचाच उद्योग संकेतांक टाका. खाटा बनवणाऱ्याच्या प्रमाणपत्रावर फक्त किरकोळ व्यापार लिहिलेला असेल, तर पुढची कोणतीही सवलत मिळणार नाही.

केंद्राच्या खरेदीत तुमचे हक्क

२०१२ च्या धोरणात सुरुवातीला वार्षिक खरेदीच्या २० टक्के वाटा सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी ठरला होता. २०१८ मध्ये तो २५ टक्के झाला. त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांसाठी आणि ३ टक्के महिला उद्योजकांसाठी आहेत. भागीदारीत किंवा कंपनीत त्यांचा वाटा किमान ५१ टक्के हवा. नावापुरती भागीदारी चौकशीत टिकत नाही.

या धोरणातून मिळणारे फायदे असे:

१. टेंडरचे कागद मोफत मिळतात.

२. बयाणा रक्कम, म्हणजे ईएमडी, माफ होते. ही रक्कम साधारण अंदाजित किमतीच्या २ ते ५ टक्के असते. २० लाखांच्या टेंडरला ४० हजार ते १ लाख रुपये अडकून पडतात, ते वाचतात. मात्र काम मिळाल्यावर द्यायची कामगिरी हमी माफ नाही. ती साधारण ३ ते ५ टक्के असते, तिची सोय बँकेत आधीच करून ठेवा. २०२२ पासून बँक गॅरंटीऐवजी विमा कंपनीचा हमी बाँडही चालतो.

३. ३५८ वस्तू फक्त सूक्ष्म व लघु उद्योगांकडूनच घ्यायच्या आहेत. काटेरी तार, बादल्या, झाडू, रुग्णवाहिकेचे स्ट्रेचर अशा साध्यासुध्या वस्तू त्या यादीत आहेत. आपला माल यादीत आहे का, हे एकदा तरी बघून घ्या.

४. दर जुळवण्याची संधी मिळते.

५. अनुभव आणि उलाढालीची अट शिथिल करता येते.

शेवटचे दोन मुद्दे नीट समजून घेण्यासारखे आहेत.

दर जुळवण्याचं असं आहे. समजा केंद्राच्या एखाद्या वसतिगृहाला ४०० लोखंडी खाटा हव्या आहेत. सगळ्यात कमी दर एका मोठ्या कंपनीचा आहे, ५,००० रुपये. तुमचा दर ५,६०० रुपये, म्हणजे १२ टक्क्यांनी जास्त. तुम्ही १५ टक्क्यांच्या आत आहात, त्यामुळे ५,००० च्या दराने माल देण्याची तयारी आहे का, असं तुम्हाला विचारलं जातं. हो म्हटलं तर किमान २५ टक्के, म्हणजे १०० खाटा तुमच्याकडून घ्याव्या लागतात. असे दोन-तीन लघुउद्योग असतील तर हा वाटा त्यांच्यात विभागतो. माल विभागता येणारा नसेल, तर पूर्ण ऑर्डरही देता येते. पण सगळ्यात कमी दर आधीच एखाद्या लघुउद्योगाचा असेल, तर हा प्रश्नच येत नाही.

हो म्हणण्याआधी मात्र कागद-पेन्सिल घ्या. ५,००० रुपयांत पत्रा, वेल्डिंग, पावडर कोटिंग, मजुरी, वाहतूक आणि तीन महिने पैसे अडकले तर त्यावरचं व्याज बसतं का? बसत नसेल तर नाही म्हणण्यात काही कमीपणा नाही.

अनुभवाच्या अटीचं वेगळं आहे. ही सूट देता येते, पण ती खरेदीदाराच्या हातात आहे. दर्जा आणि तांत्रिक अटी पूर्ण होत असतील तरच ती मिळते. जेमवरच्या प्रत्येक बोलीत एक ओळ असते: लघुउद्योगाला अनुभव व उलाढालीत सूट आहे की नाही. तिथं 'नाही' लिहिलं असेल आणि तुमच्याकडे अनुभव नसेल, तर त्या बोलीत वेळ घालवू नका. किंवा बोली उघडण्याच्या आधी लेखी विनंती करा. बोलीच्या अटींवर प्रश्न विचारण्याचा हक्क वित्तीय नियमांतल्या १७३ व्या नियमात आहे.

हे फायदे कुणाला नाहीत?

याबाबत बाजारात बरेच गैरसमज आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो.

व्यापाऱ्याला नाहीत. जुलै २०२१ पासून घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी करता येते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. दिल्लीहून माल आणून बेळगावात पुरवणारा दुकानदार टेंडर भरू शकतो, पण डिपॉझिट माफी आणि दर जुळवणी त्याला मिळत नाही. जेमवरही दुसऱ्याचा माल विकणारा म्हणून नोंद असेल तर हा लाभ धरत नाहीत.

बांधकामाच्या ठेक्यांना नाहीत. हे धोरण वस्तू आणि सेवांसाठी आहे. रस्ता, गटार, इमारत ही कामं त्यात येत नाहीत.

मध्यम उद्योगाला नाहीत. धोरण फक्त सूक्ष्म आणि लघुसाठी आहे.

जेम पोर्टलवर उभं कसं राहायचं?

९ ऑगस्ट २०१६ ला सुरू झालेलं जेम हे केंद्राच्या खरेदीचं मुख्य दुकान आहे. तिथं मिळणारा माल तिथूनच घेणं केंद्राच्या खात्यांना सक्तीचं आहे. महाराष्ट्रातली सरकारी कार्यालयं आणि जिल्हा परिषदाही जेमवरून खरेदी करतात. म्हणून सीमेवरच्या कारखानदारासाठी हा सगळ्यात सोपा दरवाजा.

खरेदी तीन पायऱ्यांनी होते. छोटी खरेदी अधिकारी थेट करतो, मग ती कुणाचीही असो. मधल्या रकमेला किमान तीन वेगवेगळ्या उत्पादकांचे दर तुलना करून सगळ्यात कमी असेल त्याला ऑर्डर. त्यावरच्या रकमेला बोली किंवा उलटा लिलाव. या पायऱ्यांचे आकडे बदलत राहतात. २०१७ मध्ये ते ५० हजार आणि ३० लाख होते, २०१९ मध्ये २५ हजार आणि ५ लाख केले गेले. म्हणून जुन्या आकड्यावर विसंबू नका, पोर्टलवरचा आजचा आकडा बघा.

नव्याने येणाऱ्यासाठी पहिल्या दोन पायऱ्या महत्त्वाच्या आहेत. तिथं अनुभवाचं प्रमाणपत्र लागत नाही, लागतो तो नीट भरलेला कॅटलॉग. फोटो स्वच्छ, मापं बरोबर, माल कुठं कुठं पोचवणार ते जिल्हे निवडलेले, स्टॉक शून्य दाखवत नाही ना, एवढं बघा. बरेच जण नोंदणी करून सोडून देतात आणि मग म्हणतात जेमवर काही मिळत नाही. दर महिन्याला एकदा तरी दर आणि स्टॉक ताजे करा.

शुल्काची भीतीही आता कमी झाली आहे. ऑगस्ट २०२४ पासून १० लाखांपर्यंतच्या ऑर्डरला व्यवहार शुल्क नाही. त्यापुढे १० कोटींपर्यंत ०.३० टक्के.

उलट्या लिलावात बसताना मात्र सांभाळा. घड्याळ चालू असतं, समोरचा दर खाली आणत असतो आणि माणूस ईर्षेला पेटतो. ज्या दराखाली जायचं नाही तो आकडा आधी कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. ऑर्डर घेऊन माल न देणं महागात पडतं. हमी जाते आणि खरेदीदार खातं दोन वर्षांपर्यंत तुम्हाला टेंडरमधून बाहेर ठेवू शकतं.

रेल्वेला माल द्यायचा असेल तर तिचं आयआरईपीएस पोर्टल वेगळं आहे. ओतकामाचे आणि मशीनिंगचे सुटे भाग बनवणाऱ्यांना तिथं वाव आहे, पण सुरक्षेशी संबंधित भागांसाठी आधी रेल्वेच्या संशोधन संस्थेची, म्हणजे आरडीएसओची विक्रेता मान्यता लागते. तिला वेळ लागतो. टेंडर दिसल्यावर नव्हे, आधीच अर्ज करा.

कर्नाटकच्या टेंडरचं काय?

कर्नाटक सरकारची टेंडरं आता केपीपीपी या पोर्टलवर येतात. जुन्या ई-प्रोक्युअरमेंट पोर्टलवर तुमची नोंद असली तरी नव्या पोर्टलवरचं खातं चालू आहे का ते तपासा.

बांधकाम ठेक्यांत कर्नाटकने आरक्षण ठेवलं आहे. अनुसूचित जातीच्या ठेकेदारांना १७.१५ टक्के आणि जमातीच्या ठेकेदारांना ६.९५ टक्के कामं. पूर्वी हे ५० लाखांपर्यंतच्या कामांना होतं, २०२३ मध्ये मर्यादा १ कोटी झाली. नंतर मागासवर्गीयांतल्या प्रवर्ग १ ला ४ टक्के आणि २अ ला १५ टक्के असा वाटा जोडला गेला. मराठा समाज कर्नाटकच्या यादीत ३ब मध्ये आहे, त्यामुळे त्याला हा वाटा लागू नाही. मार्च २०२५ मध्ये मर्यादा २ कोटींपर्यंत नेणारं आणि २ब प्रवर्गाला ४ टक्के देणारं विधेयक विधिमंडळाने मंजूर केलं, पण राज्यपालांनी ते राष्ट्रपतींकडे पाठवलं. जे टेंडर भरताय त्याच्या जाहिरातीत कोणता प्रवर्ग लिहिला आहे, तेवढंच धरून चाला.

अन्याय झाला असं वाटलं तर पारदर्शकता कायद्याच्या १६ व्या कलमाने अपील करता येतं. टेंडर मंजुरीचा आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत. तोंडी तक्रार, वर्तमानपत्रात बातमी, लोकप्रतिनिधीचं पत्र यात महिना निघून जातो आणि अपिलाची मुदत संपते. आधी अपील दाखल करा, बाकीचं नंतर.

भाषेचा मुद्दा आपल्याकडे खराच आहे. स्थानिक संस्थांच्या सूचना पुष्कळदा कन्नडमध्ये येतात. अर्धवट समजून भरलेलं टेंडर म्हणजे हमखास नुकसान. कन्नड वाचणारा अकौंटंट किंवा वकील गाठून अटी पूर्ण समजून घ्या. आपल्याकडचे मराठी कागद, जुना भागीदारी करार, महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीचा दाखला वगैरे जोडायचे असतील, तर इंग्रजी भाषांतर नोटरी करून सोबत लावा. अधिकाऱ्याला वाचता आला नाही म्हणून कागद बाजूला पडायला नको.

सीमा ओलांडून विकताना

उद्यम नोंदणी देशभर चालते, त्यामुळे मच्छेचा कारखाना गोवा शिपयार्डला किंवा पुण्यातल्या लष्करी आस्थापनेला त्याच हक्काने माल देऊ शकतो. राज्यांच्या स्वतःच्या सवलती मात्र बहुतेक वेळा त्या राज्यात नोंद असलेल्यांसाठी असतात. उदाहरणार्थ, महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात छोटी कामं सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुले ठेकेदार यांच्यात ३३, ३३ आणि ३४ टक्के अशी वाटली जातात. चंदगड, गडहिंग्लजच्या नोंद असलेल्या संस्थेला त्याचा उपयोग, खानापूरच्या ठेकेदाराला नाही.

जीएसटीचा एक खड्डा आहे. कंपोझिशन योजनेत असलेल्याला परराज्यात माल विकता येत नाही. बेळगावचा कंपोझिशनमधला कारखानदार कोल्हापूर किंवा पणजीची ऑर्डर घेऊच शकत नाही. आधी नियमित नोंदणीत यावं लागतं. दुसरं, अडीच लाखांवरच्या करारात सरकारी खातं बिलातून २ टक्के जीएसटी टीडीएस कापतं. ते पैसे बुडत नाहीत, तुमच्या रोख खातेवहीत जमा होतात. पण पोर्टलवर ते स्वीकारावे लागतात. अनेकांचे हे पैसे वर्षानुवर्षं तसेच पडून असतात.

टेंडर बाद कुठं होतं?

दर उघडायच्या आधीच लहान माणूस बाहेर पडतो तो या कारणांनी:

• डिजिटल सहीची मुदत संपलेली. २०२१ पासून फक्त तिसऱ्या वर्गाची सही चालते. शेवटच्या दिवशी हे कळून उपयोग नाही.

• पॅन, जीएसटी, उद्यम आणि बँक खात्यावर नावाचं स्पेलिंग वेगवेगळं.

• मागितलेल्या नमुन्यात हमीपत्र नाही. आपल्या लेटरहेडवर आपल्या शब्दांत लिहून चालत नाही, नमुना जसाच्या तसा हवा.

• केंद्राच्या टेंडरमधलं भू-सीमेचं घोषणापत्र राहून जातं. जुलै २०२० पासून भारताला लागून असलेल्या देशांतल्या बोलीदारांवर बंधन आहे, त्यासाठी 'आमचा तसा संबंध नाही' असं लिहून द्यावं लागतं. आपल्या सीमाप्रश्नाशी याचा काही संबंध नाही, पण सही सगळ्यांनाच करावी लागते.

• स्थानिक घटकांचं प्रमाण लिहिलेलं नाही. मेक इन इंडिया आदेशानुसार ५० टक्के किंवा जास्त देशी घटक असेल तर पहिल्या वर्गाचा स्थानिक पुरवठादार, २० ते ५० मध्ये दुसऱ्या वर्गाचा.

• दर तांत्रिक पाकिटात टाकला. दोन पाकिटांच्या टेंडरमध्ये हे झालं की बोली तिथंच संपते.

जेमवर तांत्रिक फेरीत बाद केलं तर हरकत घ्यायला अगदी थोडा वेळ मिळतो, साधारण दोन दिवस. त्यामुळे बोली टाकल्यानंतर रोज लॉगिन करा. मेल येईल तेव्हा बघू म्हणणाऱ्याची मुदत निघून जाते.

काम झालं, बिल अडकलं. आता?

खरा प्रश्न इथं आहे. काम मिळवणं जमतं, पण पैसे आले नाहीत तर लहान कारखाना दुसऱ्या महिन्याच्या पगाराला अडतो. त्यावर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात पक्की तरतूद आहे आणि ती केंद्र, राज्य, खाजगी अशा सगळ्या खरेदीदारांना लागू आहे.

कलम १५ सांगतं, करारात ठरलेल्या दिवशी पैसे द्यायचे, पण कोणत्याही परिस्थितीत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवस. माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असं कायदा मानतो. म्हणून डिलिव्हरी चलनावर सही, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय गाडी परत आणू नका. जेमवर माल मिळाल्याची पावती १० दिवसांत आणि त्यानंतर १० दिवसांत पैसे, असं वेळापत्रक आहे.

उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. समजा बँक रेट ६ टक्के आहे. तिप्पट म्हणजे १८ टक्के, महिन्याला दीड. ५ लाखांचं बिल मुदतीनंतर सहा महिने थकलं तर व्याज सुमारे ४६,७०० रुपये होतं. हे व्याज सोडून देऊ असं करारात लिहिलेलं असलं तरी कायद्यापुढे ते टिकत नाही.

वसुलीसाठी राज्याच्या सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे अर्ज करायचा. केंद्राच्या समाधान पोर्टलवरून तो ऑनलाईन होतो. जून २०२५ मध्ये ऑनलाईन तडजोडीचं नवं पोर्टलही सुरू झालं आहे. सीमाभागासाठी यातली सगळ्यात कामाची गोष्ट अशी: परिषद पुरवठादाराच्या राज्यातली. खरेदीदार कोल्हापूरचा असो की गोव्याचा, बेळगावच्या कारखान्याचा दावा कर्नाटकच्या परिषदेकडेच चालतो, दुसऱ्या राज्यात हेलपाटे घालावे लागत नाहीत. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि खरेदीदाराला तो कोर्टात आव्हान द्यायचं असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. कायद्यात निकालाची मुदत ९० दिवस आहे. प्रत्यक्षात जास्त लागतात, पण अर्ज पडल्यावर बरीच बिलं वाटाघाटीतच सुटतात.

यात एक अट विसरू नका. सिल्पी इंडस्ट्रीजच्या २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की करार झाल्यानंतर नोंदणी करून मागच्या व्यवहारासाठी हा हक्क मागता येत नाही. त्या मतावर न्यायालयात पुढेही चर्चा झाली आहे, पण आपण धोका का घ्या? पहिली ऑर्डर घेण्याआधीच उद्यम नोंदणी करा आणि प्रत्येक बिलावर तो क्रमांक छापा.

कोर्टकचेरी नको असेल तर ट्रेड्स हा मार्ग आहे. केंद्राच्या सार्वजनिक कंपन्यांना त्यावर नोंदणी सक्तीची आहे. कंपनीने बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि थोडं व्याज कापून पैसे काही दिवसांत खात्यात येतात. कंपनीने नंतर पैसे दिले नाहीत, तरी बँक तुमच्याकडे मागू शकत नाही.

मोठ्या ठेकेदाराला माल देणाऱ्यांनाही आता हाताशी एक आधार आहे. एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकर कलम ४३ब च्या 'एच' पोटकलमामुळे, सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांत दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च वजा करता येत नाही. मार्च जवळ आला की ही आठवण लेखी करून द्या.

सुरुवात कुठून करायची?

पहिल्याच वर्षी ५० लाखांच्या टेंडरमागे लागू नका. या महिन्यात उद्यम प्रमाणपत्र काढून संकेतांक तपासा, तिसऱ्या वर्गाची डिजिटल सही घ्या, सगळ्या कागदांवर नाव एकसारखं करा. पुढच्या महिन्यात जेमवर दोन-तीनच वस्तू नीट टाका. छोट्या ऑर्डरी वेळेत पोचवा आणि प्रत्येकीचं काम पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. दोन वर्षांनी अनुभवाच्या रकान्यात लिहायला तेच कागद उपयोगी पडतात. अडलं तर जिल्हा औद्योगिक केंद्रात जा, तिथला सल्ला फुकट आहे.

आणि एक वही ठेवा. टेंडर कुणाचं, कधी भरलं, कुठं बाद झालं, माल कधी पोचला, बिल कधी दिलं, ४५ वा दिवस कोणता. सरकारी कामात नुसत्या आठवणीवर दावा चालत नाही, तारीख आणि कागद लागतो. ती वही तुमच्याकडे असेल, तर नियमाचं बोट दाखवून हक्क मागता येतो.